मुळाशी तेलकट, टोकांशी कोरडे केस (खानदेशातील निगा)

धुतल्यावर एक-दोन दिवसांतच टाळूलगतचे केस चिपचिपीत होतात आणि त्याच केसांची टोके मात्र रखरखीत, निस्तेज, फाटे फुटलेली असतात. केसांच्या या अवस्थेला मुळाशी तेलकट व टोकांशी कोरडे केस म्हणतात. हा आजार नव्हे. लांब केस असणाऱ्या कुणालाही तो अनुभव येतो, वयात आल्यावर जास्त. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात तो विशेष जाणवतो, कारण कडक कोरडा उन्हाळा, विहिरी-बोअरचे जड (क्षारयुक्त) पाणी आणि टाळूवर तेल जिरवण्याची जुनी रीत इथे एकाच डोक्यावर येतात. टाळू ही जिवंत त्वचा आहे आणि केसाची लांबी हा निर्जीव धागा आहे. दोघांची गरज उलटी आहे. टाळूला धुणे हवे, लांबीला तेल. घरोघरी मात्र तेल टाळूला मिळते आणि साबणाचे चोळणे लांबीला.

असे का होते

केसाच्या प्रत्येक मुळाशी तैलग्रंथी असते. ती सीबम नावाचा स्निग्ध पदार्थ पाझरते. ट्रायग्लिसराइड व स्क्वालीन हे स्निग्धांश आणि मेणासारखे घटक यांचे ते मिश्रण असते. सीबम किती तयार व्हायचे हे मुख्यतः अँड्रोजेन संप्रेरके (पुरुषी म्हटली जाणारी, पण बायकांतही असणारी) ठरवतात. म्हणूनच बारा-तेरा वर्षांच्या मुलीचे डोके अचानक तेलकट होऊ लागते आणि रजोनिवृत्तीनंतर तेच डोके कोरडे पडते. ‘वारंवार धुतले की डोके जास्त तेल सोडते’ ही समजूत फार पसरलेली आहे, पण ग्रंथीचा वेग शाम्पू ठरवत नाही. या समजुतीपायी अनेक मुली आठवडाभर चिकट डोके सोसतात.

मुळाशी आलेले सीबम केसावरून हळूहळू खाली सरकते. सरळ केसात ते लवकर पसरते, कुरळ्यात वळणावळणाला अडते, आणि कमरेपर्यंतच्या केसात टोकाला जवळजवळ पोचतच नाही. त्यात वयाचा फरक आहे. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ७० सेंटिमीटर लांब वेणीचे टोक पाच-सहा वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलेले असते. तेवढे उन्हाळे, तेवढ्या धुण्या, तेवढे विंचरणे त्याने सोसलेले असते. पुरुषांना ही तक्रार क्वचित असते, त्याचेही कारण हेच. महिन्या-दोन महिन्यांनी कटिंग करणाऱ्याच्या डोक्यावर जुना केस उरतच नाही.

केसाच्या बाहेरचा थर क्यूटिकलचा. त्याचे खवले घरावरच्या कौलांसारखे एकावर एक, टोकाच्या दिशेने उतरते बसलेले असतात. सगळ्यांत वर एका मेदाम्लाचे (तेला-चरबीतल्या आम्लाचे) अतिशय पातळ अस्तर असते, त्यामुळे नवा केस पाण्याला दूर ठेवतो आणि एकमेकांत गुंतत नाही. साबणातली अल्कली, केसांचे रंग, ब्लीच आणि ऊन यांनी हे अस्तर निघून जाते. गेले की परत येत नाही, कारण केसाच्या दांड्यात जिवंत पेशी नाहीत. मग खवले उचकटतात, आतले प्रथिन पाण्याबरोबर झिजते आणि शेवटी टोक उभे चिरते. या फाट्यांना कोणताही लेप कायमचा जोडू शकत नाही. ते कापावेच लागतात.

ऊन आणि पाणी

मे महिन्यात भुसावळ, जळगाव भागात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी असते. उन्हातले अतिनील किरण केसातल्या प्रथिनांचे बंध तोडतात आणि रंगद्रव्य फिके करतात. शेतात राबणाऱ्या बायकांच्या केसांची टोके तांबूस-पिंगट दिसतात ती यामुळे. डोक्यावरचा पदर, कामावर बांधलेला रुमाल आणि दुचाकीवरच्या मुलींचा स्कार्फ हे केसांचे खरे रक्षण करतात. मात्र त्याखाली घाम साचतो आणि टाळू अधिक ओशट होते. म्हणून घरी आल्यावर रुमाल सोडून केसांत वारा जाऊ द्यावा, आणि तोच घामट रुमाल न धुता दुसऱ्या दिवशी बांधू नये. बाहेर पडताना वेणीचे टोकही कापडाच्या आत घ्यावे. बहुतेक जणी डोके झाकतात आणि वेणी पाठीवर उन्हात मोकळी सोडतात, जिथे सांभाळायची सगळ्यात जास्त गरज असते.

पाण्याचा दोष कमी ओळखला जातो. खानदेशची जमीन बेसाल्ट खडकाची आणि तापीच्या गाळाची. अशा भूगर्भातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ असतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. आपल्या घरचे पाणी कसे आहे ते स्वयंपाकघरातच कळते. तुरीची डाळ लवकर शिजत नाही, पातेल्याला आणि गिझरला पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही. अशा पाण्यात साबण वापरला की त्यातली मेदाम्ले कॅल्शियमशी जुळून न विरघळणारा चिकट थर बनतो. तो उचकटलेल्या खवल्यांवर, म्हणजे टोकांवर, जास्त बसतो. केस धुऊनही जाड, राठ आणि एकाच वेळी चिकट व कोरडा लागतो तो यामुळे. पुष्कळ बायका ‘शाम्पूने केस खराब झाले’ म्हणून पुन्हा अंगाच्या किंवा कपड्याच्या साबणाकडे वळतात आणि त्रास वाढवतात. शाम्पूतले डिटर्जंट जड पाण्यातही काम करतात, साबण करत नाही. साबणाचा सामू (आम्ल-अल्कलीचे माप, pH) ९ ते १० असतो आणि टाळूचा साडेपाचच्या आसपास, हा दुसरा तोटा.

उपाय साधा आहे. शेवटच्या तांब्याभर पाण्यात अर्धे लिंबू किंवा चमचाभर व्हिनेगर घालून ते फक्त लांबीवरून ओतावे आणि मिनिटभराने साध्या पाण्याने धुवावे. सौम्य आम्लाने क्षारांचा थर सुटतो आणि खवले बसतात. लिंबाचे पाणी न धुता उन्हात जाऊ नये, त्वचेला डाग पडू शकतात. पावसाळ्यात पत्र्याच्या पन्हाळीचे पाणी, पहिल्या पावसाने पत्रा धुऊन निघाल्यावर, भरून ठेवले तर केसांसाठी त्याहून मऊ पाणी नाही. शहरात धरणाचे नळाचे पाणी आणि बोअरचे पाणी दोन्ही येत असेल तर केस नळाच्या पाण्याने धुवावेत.

तेल कुठे लावायचे

तान्ह्या बाळाची टाळू भरण्यापासून आपल्याकडे तेलाचा आणि टाळूचा संबंध जुळतो. शाळेत जाणाऱ्या मुलीच्या दोन घट्ट वेण्या, चपचपीत तेल आणि वर रिबीन हे खेड्यापाड्यांत आजही दिसते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकीच्या डोक्यात आई तेल जिरवते. त्या बोटांतली माया मोडून काढावी असे कुणीही म्हणू नये. पण आखाजी येते ऐन उन्हाळ्यात, आणि शाळकरी मुलीच्या ग्रंथी नेमक्या त्याच वयात जोर धरतात. वरून ओतलेले तेल सीबममध्ये आणि घामात मिसळते, कपाळावर उतरते आणि केसांच्या रेषेवर बारीक पुरळ येते. तेल लावून मुरुमे का येतात हे मुलीला कुणी सांगत नाही, तिला फक्त ‘तोंड धू’ म्हणतात.

कोंडा असेल तर टाळूवरचे तेल आणखी नडते. कोंड्याशी संबंधित मॅलासेझिया ही बुरशी स्वतःची मेदाम्ले बनवू शकत नाही. ती त्वचेवरच्या स्निग्धांशावर जगते. रात्रभर मुरवलेले तेल म्हणजे तिला खाद्य. कोंडा पांढरा भुगा दिसतो म्हणून लोक टाळू कोरडी समजून आणखी तेल घालतात. बहुतेक वेळा ती टाळू तेलकट असते.

लांबीला मात्र तेल हवेच. रेळे आणि मोहिले यांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना झाली. केसातून होणारी प्रथिनांची झीज धुण्याआधी वा नंतर लावलेल्या खोबरेलाने कमी केली, इतर दोन तेलांनी नाही. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाची साखळी लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरते, असे त्याचे कारण दिले जाते. खानदेशात नारळ पिकत नाही. इथली जुनी तेले शेंगदाण्याची आणि तिळाची, सातपुड्यात मोहाच्या बियांचे. ती टोकांवर लावल्यास वरून गुळगुळीतपणा देतात आणि विंचरताना केस तुटणे कमी करतात, तेवढे काम त्यांच्याकडून घ्यावे. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजते, त्यामुळे पौषात बाटली उन्हात किंवा कोमट पाण्यात ठेवावी लागते. थिजलेले तेल तळहातावर चोळून टोकांना लावायला उलट सोपे जाते, कारण ते टाळूकडे ओघळत नाही.

रीत अशी ठेवावी. न्हाण्याच्या तास-दोन तास आधी कानाच्या खालच्या केसांना, टोकांपासून वर, हाताला पुसटसे तेल घेऊन चोळावे. लांब केसांना दोन छोटे चमचे पुष्कळ. टाळूची मालीश करायची तर कोरड्या बोटांनी करावी, आरामात काही उणे पडत नाही.

न्हाणे

खानदेशातल्या अनेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही. आठवड्यातून एकदा डोक्यावरून न्हाणे ही सवय त्या टंचाईतूनही आलेली आहे, नुसत्या रूढीतून नव्हे. म्हणून ‘दर दोन दिवसांनी केस धुवा’ असा सल्ला लांब केसांच्या बाईला देताना पाण्याचा विचार करावा लागतो. त्यावर एक चांगला तोडगा आहे. लांबीची सैल वेणी तशीच ठेवून फक्त टाळू धुवायची. एक-दोन तांबे पाणी, पाण्यात पातळ केलेला थोडा शाम्पू, बोटांच्या पेरांनी मुळांशी चोळणे आणि स्वच्छ धुणे. नखांनी खरवडू नये. उन्हाळ्यात असे दोन-तीन दिवसांआड करता येते आणि पूर्ण न्हाणे आठवड्याला राहते. टोके विनाकारण भिजत नाहीत, घासली जात नाहीत, हा मोठा फायदा.

पूर्ण न्हातानाही शाम्पू फक्त टाळूला लावावा. खाली ओघळणारा फेस लांबीला पुरतो. डोक्यावर केसांचा गोळा करून कपडा घासल्यासारखे चोळणे हे टोकांच्या नाशाचे पहिले कारण आहे.

रिठा आणि शिकेकाई यांतले सॅपोनिन, म्हणजे फेस करणारे घटक, तेल काढतात. रिठा फेस जास्त देतो आणि टोके जास्त कोरडी करतो, शिकेकाई सौम्य. दोन्ही रात्री भिजवून, उकळून, गाळून घ्यावे. नुसती पूड लावली तर कण खवल्यांत अडकतात आणि डोळ्यांत गेली तर आग होते. काळ्या मातीने डोके धुणाऱ्या आज्या होत्या, आणि त्यामागे तथ्य होते. कापसाच्या काळ्या जमिनीत माँटमोरिलोनाइट वर्गाची चिकणमाती असते, ती तेल शोषते. मुलतानी मातीही त्याच वर्गातली. मात्र आज शेतातल्या मातीत कीटकनाशके आणि खते असतात, म्हणून ती वापरू नये, आणि मुलतानी माती वापरलीच तर टाळूपुरती. जळगावची केळी भौगोलिक मानांकन मिळालेली, घरात भरपूर, म्हणून केळ्याचा लेप सहज सुचतो. तो वरवर मऊपणा देतो, पण केळे मिक्सरमधून काढून गाळल्याशिवाय लावले तर त्याचे तंतू केसांतून निघता निघत नाहीत.

कंडिशनर हा शहरी चोचला समजला जातो. खरे तर या तक्रारीत सगळ्यात उपयोगी वस्तू तीच. झिजलेल्या केसावर ऋण विद्युतभार जास्त असतो आणि कंडिशनरमधले घटक धनभाराचे. त्यामुळे जिथे झीज जास्त तिथे ते अधिक चिकटतात. कानाखालच्या केसांना लावून दोन मिनिटांनी धुवावे. टाळूला लावले तर मुळे पुन्हा चपटी आणि ओशट दिसतात. पाच-दहा रुपयांच्या पुडीतले अर्धे एका वेळेला पुरते.

जाड टॉवेलने झटकणे आणि गुंडाळून पिळणे टाळावे. पंचा किंवा जुने सुती धोतर पाणी टिपते आणि खवले उचकटत नाही. ओला केस ताणला की लवकर तुटतो, म्हणून अर्धवट वाळल्यावर रुंद दातांच्या कंगव्याने टोकांपासून वर सोडवत जावे. लग्नसराईत केस सरळ करून घेणाऱ्यांनी ओल्या केसावर तापलेली इस्त्री फिरवू देऊ नये. आतल्या पाण्याची वाफ होऊन दांड्यात पोकळ्या पडतात आणि केस तिथेच मोडतो. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीत पुष्कळदा पॅराफेनिलिनडायअमीन हा रंग असतो. त्याची अॅलर्जी डोळे सुजण्यापर्यंत जाऊ शकते.

दर दोन-तीन महिन्यांनी टोकाचा इंचभर केस कापला तर फाटा वर चढत नाही. लांब केसांची हौस असणाऱ्या घरांत कात्री लावू देत नाहीत, आणि मग वेणीच्या शेवटी झाडूसारखे चार राठ धागे उरतात. इंचभर कापून केस आखूड होत नाहीत, तेवढी वाढ त्याच काळात होते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

टाळूवर लाल चट्टे, पिवळसर तेलकट खपल्या आणि खाज असेल तर तो तेलकट त्वचादाह असू शकतो. त्यावर कीटोकोनाझोल या बुरशीनाशक औषधाचा शाम्पू उपयोगी पडतो, तो टाळूवर तीन ते पाच मिनिटे राहू द्यावा लागतो. मुलीचे डोके अचानक फार तेलकट झाले, पाळी अनियमित आहे, हनुवटीवर राठ केस येत आहेत, तर संप्रेरकांची तपासणी करावी. सगळे केस मुळापासून कोरडे आणि पातळ होत असतील, थकवा आणि वजनवाढ असेल, तर थायरॉइड तपासावे. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्हा ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. रुग्णालयात जाताना डोक्याला तेल लावू नये, टाळू तपासायला अडचण होते.