कठीण शब्द आणि पोकळ शब्द

सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत दोन तऱ्हांची भारी भाषा कानावर पडते. 'कार्पेट एरिया', 'फंजिबल एफएसआय' (नेहमीच्या मर्यादेवर मिळणारं जादा बांधकाम), 'कॉर्पस' (बिल्डर सभासदांना देतो ती एकरकमी रक्कम) ही एक. 'सर्वसमावेशक दृष्टिकोन', 'मूल्यवर्धित जीवनशैली' ही दुसरी. सभासद पहिलीला बिचकतात आणि दुसरीला माना डोलावतात. व्हायला हवं नेमकं उलट.

'कार्पेट एरिया' घ्या. बिल्डरांवर नियमन ठेवणाऱ्या २०१६ च्या रेरा कायद्यात त्याची व्याख्या आहे: बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, बाल्कनी आणि खासगी गच्ची वगळायची, घरातल्या आतल्या भिंतींखालची जागा मात्र धरायची. शब्द रुक्ष आहे, पण टेप घेऊन कुणीही मोजू शकतं. ६०० चौरस फूट कबूल केले आणि ५७० भरले, तर बोलणारा उघडा पडतो. परिभाषा बोलणाऱ्याला बांधून घालते, ती याच अर्थानं.

आता 'प्रशस्त, जागतिक दर्जाचं घर'. किती फूट भरले म्हणजे हे खोटं? सांगताच येत नाही. म्हणूनच ते इतकं बिनधास्त बोललं जातं.

शंका आली तर वाक्य उलटं करून बघावं. 'आम्ही अपारदर्शकपणे काम करू' असं कुठला बिल्डर म्हणेल? मग 'पारदर्शकपणे करू' म्हणून त्यानं सांगितलं तरी काय? याउलट 'बांधकाम होईपर्यंतच्या पर्यायी घराचं भाडं अकरा महिन्यांचं आगाऊ देऊ' याचं उलट, म्हणजे 'महिन्याच्या महिन्याला देऊ', हे कुणीही म्हणू शकतो. तिथं खरोखर काहीतरी ठरतंय. ('पारदर्शक' शब्दाशी वैर नाही. पुढं 'दर १० तारखेला खर्चाचा तक्ता फलकावर' असं आलं की तो भरीव होतो.)

पोकळ शब्दाचा खरा त्रास असा की त्याला विरोधच करता येत नाही. 'म्हणजे नक्की काय?' असं विचारणारा क्षणात 'विकासाच्या आड येणारा' ठरतो. शिवाय जो तो त्यात आपापला अर्थ भरतो. 'सभासदांचे हित जपले जाईल' यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना जादा खोली ऐकू येते, तळमजल्यावरच्या दुकानदाराला रस्त्याकडचा गाळा. ठराव एकमतानं होतो, आणि भांडण करारनाम्याच्या मसुद्यावर सुरू होतं.

परिभाषाही कधी कधी धाक घालायला वापरतात. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास नियमावलीत निवासी इमारतींना ३५ टक्क्यांपर्यंत फंजिबल एफएसआय मिळतो. पण 'फंजिबलमुळे तुम्हाला भरपूर मिळेल' एवढंच कुणी म्हणत असेल, तर तोही फुगाच. माझ्या वाट्याला किती चौरस फूट, प्रीमियम (त्यासाठीचं सरकारी शुल्क) किती, भरणार कोण, हे विचारावं. जाणकार माणूस लगेच कागदावर आकडेमोड करून दाखवतो. जाणकार नसलेला आणखी एक मोठा शब्द फेकतो.

इतिवृत्तात 'योग्य ते भाडे' असं आलं की सभा तिथंच थांबवावी. दरमहा रक्कम, भाडं सुरू होण्याची तारीख, थकलं तर व्याज किती, हे लिहून घ्यावं. सेक्रेटरी म्हणतील, 'ते नंतर बघू.' मग ठरावही नंतरच.