उंची कुठपर्यंत परवडते?

लोअर परळच्या श्रीनिवास मिलच्या जागेवर २०१० साली ‘वर्ल्ड वन’ हा टॉवर जाहीर झाला, तेव्हा त्याची उंची ४४२ मीटर सांगितली गेली होती. जगातली सर्वात उंच निवासी इमारत मुंबईत उभी राहणार म्हणून वर्तमानपत्रांत रकाने भरून आलं. विमानतळ प्राधिकरणाकडून तेवढ्या उंचीला परवानगी मिळाली नाही आणि टॉवर ७६ मजल्यांवर, २८०.२ मीटरवर थांबला. त्याबद्दल हळहळणारे लोक आजही भेटतात. मला मात्र वाटतं की ते १६० मीटर कापले गेले ते जमाखर्चाच्या दृष्टीने बरंच झालं. इमारत जितकी उंच तितका बिल्डरचा नफा जास्त, असं आपण गृहीत धरतो. आलिशान घरांच्या टॉवरचं गणित तसं चालत नाही.

उंच बांधलं की जास्त घरं मिळतात, हाच मुळात गैरसमज आहे. मुंबईत एखाद्या प्लॉटवर एकूण किती चौरस फूट बांधता येईल हे एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधायचं याचं प्रमाण, ठरवतो. प्रीमियम भरून, टीडीआर (दुसऱ्या जागेवरचे बांधकामाचे हक्क) विकत घेऊन, फंजिबल (पैसे भरून मिळणारं जादा क्षेत्र) वापरून त्यात भर घालता येते, पण शेवटी आकडा ठरलेला असतो. तेवढे चौरस फूट चाळीस मजल्यांच्या तीन इमारतींत बसवा किंवा शंभर मजल्यांच्या एका सडपातळ टॉवरमध्ये, विकायला माल तेवढाच. न्यूयॉर्कमध्येही नियम असाच आहे. तिथे शेजारच्या बुटक्या इमारतींच्या डोक्यावरचे न वापरलेले बांधकामाचे हक्क विकत घेतात आणि आपल्या प्लॉटवर चढवतात. म्हणजे उंचीमुळे चौरस फूट वाढत नाहीत, आहे ते चौरस फूट फक्त वर सरकतात.

वर सरकवून काय मिळतं? समुद्र दिसतो, वारा आणि उजेड येतो, खाली गार्डन आणि पोडियमला जागा उरते. त्याची किंमत आपल्याकडे ‘फ्लोअर राइज’ म्हणून लावतात. समजा मजल्यामागे चौरस फुटाला १०० रुपये फ्लोअर राइज आहे. मग ४,००० चौरस फुटांचं जे घर विसाव्या मजल्यावर असतं, तेच सत्तराव्या मजल्यावर दोन कोटींनी महाग विकता येतं. आकर्षक आहे. पण हे उत्पन्न पायरीपायरीने, सरळ रेषेत वाढतं. शिवाय आजूबाजूच्या इमारती ओलांडून क्षितिज एकदा दिसायला लागलं की पुढच्या दहा मजल्यांनी दृश्यात फारशी भर पडत नाही. खर्च मात्र सरळ रेषेत वाढत नाही.

त्याचं मुख्य कारण वारा. इमारतीचं वजन पेलणं तुलनेने सोपं असतं, कारण ते उंचीच्या प्रमाणात वाढतं. वाऱ्याचा जोर मात्र इमारतीला बुडाशी उलथवू पाहतो आणि तो उंचीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. जाडी तीच ठेवून उंची दुप्पट केली तर वाऱ्याचा वेग सगळीकडे सारखा धरला तरी पायाशी येणारा उलथवणारा जोर चौपट होतो, आणि शेंडा किती झुकेल हे पाहिलं तर तो सोळापट झुकतो. गुढीला आखूड काठी घेतली तर ती ताठ उभी राहते आणि लांब बांबू घेतला की तांब्यासकट डुलतो, त्यामागे हेच भूमिती आणि बलांचं नातं आहे. प्रत्यक्षात वर वाराही जास्त वेगाने वाहतो. त्यातून भर म्हणजे इमारतीच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटतात. त्यांची लय इमारतीच्या स्वतःच्या डोलण्याच्या लयीशी जुळली की इमारत वाऱ्याच्या दिशेला आडवी हलायला लागते.

पेडर रोडजवळची वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची ‘कांचनजंगा’ मुंबईकरांच्या परिचयाची आहे. १९८३ साली पूर्ण झालेली ही इमारत २१ मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनावर ८४ मीटर उंच उभी आहे, म्हणजे उंची रुंदीच्या चौपट. तिच्यात ३२ घरं आहेत. पूर्व-पश्चिम हवा खेळावी म्हणून कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या गच्च्या कापून काढल्या आहेत. आता न्यूयॉर्कच्या पार्क अॅव्हेन्यूवरची ‘४३२ पार्क’ पाहा. साधारण २८ मीटरच्या चौकोनावर ४२६ मीटर उंची, म्हणजे पंधरापट. तिथलीच ‘१११ वेस्ट ५७’ ही इमारत तर ४३५ मीटर उंच आहे आणि रुंदी जेमतेम १८ मीटर, म्हणजे चोवीसपट. हे उभं ठेवायला काय काय करावं लागतं? ४३२ पार्कमध्ये दर बारा मजल्यांनंतर दोन मजले उघडे सोडले आहेत, वारा त्यांतून आरपार जावा म्हणून. १११ वेस्ट ५७ च्या डोक्यावर ८०० टनांचं वजन टांगलं आहे. इमारत एका बाजूला झुकू लागली की ते वजन मागे राहतं आणि तिचं डोलणं शोषून घेतं. इतक्या उंचीवर, सर्वात जास्त भावाने विकली जाऊ शकली असती अशा जागेत, हे वजन बसलेलं असतं.

घरांच्या बाबतीत ही अडचण ऑफिसपेक्षा मोठी आहे, हे फारसं बोललं जात नाही. इमारत सुरक्षित असली तरी डोलणं माणसाला जाणवतं. ते त्वरणात मोजतात, गुरुत्वाकर्षणाच्या हजाराव्या हिश्शात. दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या जोरदार वाऱ्यात ऑफिससाठी असे वीस ते पंचवीस हिस्से चालवून घेतात, पण घरांसाठी साधारण पंधरा ते अठरा. ऑफिसात माणूस बसून काम करत असतो आणि संध्याकाळी निघून जातो. घरात तो रात्री आडवा पडलेला असतो, आजूबाजूला शांतता असते, आणि झुंबर हललेलं त्याला दिसतं. म्हणून त्याच उंचीच्या ऑफिस टॉवरपेक्षा निवासी टॉवरला डोलणं आवरायला जास्त काँक्रीट किंवा जास्त युक्त्या लागतात.

मग येतात लिफ्ट, दोन जिने, पाण्याच्या टाक्या, पंप, आग लागली तर थांबायचे रेफ्यूज एरिया. मजला लहान असला तरी या गोष्टी लहान होत नाहीत. ४३२ पार्कच्या मजल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश मजल्यांवर घरंच नाहीत, तिथे यंत्रं आणि आधाराचं बांधकाम आहे. न्यूयॉर्कच्या नियमांत असे मजले बांधकाम क्षेत्रात मोजले जात नव्हते. त्यामुळे बिल्डरांनी मधेमधे पोकळ मजले घालून वरची घरं आणखी वर ढकलली. २०१९ साली महापालिकेने उंचच उंच पोकळ्या क्षेत्रात मोजायला सुरुवात केली आणि ही वाट अरुंद झाली.

साइटवर गेलात तर खर्च डोळ्यांना दिसतो. मायवान शटरिंग (पुन्हा पुन्हा वापरायचे अॅल्युमिनियमचे साचे) लावून खालच्या मजल्यांवर स्लॅब ठरलेल्या दिवसांत पडत जातात. साठाव्या मजल्याच्या पुढे तोच वेग टिकवणं अवघड होतं. पाळीच्या सुरुवातीला शेकडो कामगार होइस्टच्या, म्हणजे साइटवरच्या तात्पुरत्या लिफ्टच्या, रांगेत उभे असतात आणि जेवायला खाली उतरून परत वर चढण्यात वेळ जातो. काँक्रीट पंपाने तीनशे मीटर वर चढवायचं तर ते पाइपात घट्ट होऊ नये म्हणून मिश्रणच वेगळं करावं लागतं. वारा वाढला की क्रेन थांबते. मुंबईच्या पावसाळ्यात हे काही क्वचित घडत नाही.

उत्पन्न सरळ चढतं आणि खर्च वळून वर जातो, तर कुठेतरी एक मजला असा येणार की त्यानंतरचा प्रत्येक मजला नफा खाईल. हा मजला शोधण्याचा प्रयत्न जुना आहे. १९३० साली अर्थतज्ज्ञ क्लार्क आणि वास्तुविशारद किंग्स्टन यांनी न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनजवळच्या एका महागड्या प्लॉटवर कागदोपत्री आठ मजल्यांपासून पंचाहत्तर मजल्यांपर्यंतच्या ऑफिस इमारती मांडून पाहिल्या. सर्वात जास्त परतावा ६३ मजल्यांना मिळाला, सव्वादहा टक्के. त्यापुढे तो उतरू लागला. आकडा त्या जागेचा आणि त्या काळाचा आहे, पण वक्र रेषेचा आकार आजही तसाच आहे.

इतकं असूनही, टॉवर बुडतात ते बहुतेक वेळा या वक्र रेषेमुळे बुडत नाहीत. ते वेळेमुळे बुडतात.

दहा लहान इमारतींचा प्रकल्प असेल तर बाजार पडल्यावर बिल्डर चार बांधून थांबू शकतो. त्या चारांना ओसी (राहायला परवानगी देणारा दाखला) मिळते, लोक राहायला येतात, पैसा फिरतो. ऐंशी मजली टॉवर अर्धा बांधून तसं करता येत नाही. लिफ्ट, पाणी आणि अग्निशमन यंत्रणा पूर्ण झाल्याशिवाय खालच्या मजल्यांवरही संसार थाटणं कठीण. तोपर्यंत व्याज मात्र चालूच असतं. समजा १,००० कोटी १४ टक्क्यांनी घेतले. पाच वर्षांत ते सुमारे १,९२५ कोटी होतात, दहा वर्षांत ३,७०० कोटींच्या वर. म्हणजे पाच वर्षांचा उशीर मूळ कर्जाच्या पावणेदोन पटीहून जास्त पैसे घेऊन जातो. एवढं नुकसान कोणताही फ्लोअर राइज भरून काढू शकत नाही.

शिकागोत मिशिगन सरोवराच्या काठी सांतियागो कालात्रावा यांनी आखलेला ‘शिकागो स्पायर’ ६१० मीटर उंच होणार होता, दीडशे मजले, सगळे निवासी. २००७ मध्ये काम सुरू झालं, २००८ च्या मंदीत थांबलं. तोवर झालं होतं ते एवढंच: सुमारे ३४ मीटर रुंद आणि २३ मीटर खोल गोल खड्डा. पाया हा असा खर्च असतो की त्यातला एक फूटही विकता येत नाही, आणि टॉवर जितका उंच तितका तो आधी आणि जास्त करावा लागतो. त्या जागेवर २०२४ साली पुन्हा काम सुरू झालं, पण आता योजना आहे ७२ मजल्यांची आणि भाड्याच्या घरांची.

वरळीला श्रीराम मिलच्या जागेवरच्या ‘पॅलेस रोयाल’चं दुखणं वेगळ्या ठिकाणी होतं. २००८ च्या सुमारास काम सुरू झालेला हा सुमारे ३२० मीटरचा टॉवर सांगाडा म्हणून वर गेला, पण सार्वजनिक पार्किंग आणि रेफ्यूज एरिया यांवरून तो जनहित याचिकेत आणि महापालिकेच्या नोटिसांमध्ये अडकला. कर्ज थकलं आणि २०१९ साली प्रकल्प लिलावात ७०५ कोटींना गेला. त्या याचिकेतले प्रश्न योग्य होते असंच माझं मत आहे. आगीच्या वेळी माणसं कुठे थांबणार, हे विचारायलाच हवं. पण नियमांच्या कडेकडेने आखलेल्या नकाशात किती जोखीम असते हे त्या व्याजाच्या आकड्यांवरून कळतं. उंच टॉवरमध्ये एक वर्षाची स्थगितीसुद्धा परवडत नाही.

मग बिल्डर हा जुगार खेळतात तरी का? याचं उत्तर बरंचसं जमिनीत आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनी बाजारात आल्या. लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे सतरा एकर जागा डीएलएफ या बिल्डर कंपनीने २००५ साली ७०२ कोटींना घेतली आणि २०१२ साली लोढांना सुमारे २,७०० कोटींना विकली. सात वर्षांत जवळजवळ चौपट, एकही वीट न रचता. जमीन एवढ्या भावाने घेतली की मध्यमवर्गीयांना परवडतील अशी घरं तिथे बांधणं शक्यच राहत नाही. आणि उंच, नावाजलेला टॉवर असला की त्याच कंपाउंडमधल्या बाकीच्या इमारतींचाही भाव वर जातो. दुबईत बुर्ज खलिफासाठी सुमारे दीड अब्ज डॉलर खर्च झाले, पण भोवतालचा डाउनटाउन प्रकल्प २० अब्ज डॉलरचा होता. टॉवर तोट्यात गेला तरी परिसर फायद्यात राहू शकतो. जिथे परिसर स्वतःच्या मालकीचा नाही तिथे मात्र ही पळवाट नसते.

दुसरं कारण, पैसा पूर्वी बहुतांशी दुसऱ्यांचा असे. बुकिंगचे पैसे घ्यायचे आणि पुढच्या प्लॉटसाठी वळवायचे, हे सर्रास चाले. २०१७ पासून महारेरा या बांधकाम क्षेत्राच्या नियामक प्राधिकरणामुळे ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. पुढच्याच वर्षी आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था कोसळल्यावर बिगरबँक वित्तसंस्थांकडून मिळणारा पैसाही आटला. माझ्या मते मुंबईच्या बिल्डरांना शिस्त लावण्याचं काम कुठल्याही उंची-नियमापेक्षा या दोन गोष्टींनी जास्त केलं.

उरतो प्रश्न घेणाऱ्यांचा. चाळीस-पन्नास कोटींचं घर घेणारे लोक शहरात मोजके असतात आणि ते सगळे एकाच वेळी घर शोधत नसतात. त्यांचा निर्णय गरजेतून होत नाही, तो शेअर बाजार, परदेशातले नियम आणि कर यांवर हलतो. न्यूयॉर्कच्या ‘वन५७’ या टॉवरमध्ये २०१४ च्या डिसेंबरमध्ये ५.०९ कोटी डॉलरला घेतलेलं घर कर्ज थकल्यामुळे २०१७ साली लिलावात ३.६ कोटी डॉलरला गेलं. आपल्याकडे याच्या उलट घडलं. २०२३ च्या अर्थसंकल्पात घरात गुंतवलेल्या भांडवली नफ्यावरच्या करसवलतीला १ एप्रिलपासून १० कोटींची मर्यादा आली. ती लागू होण्याआधी, फेब्रुवारीत, वरळीच्या ‘थ्री सिक्स्टी वेस्ट’मधली २८ घरं एकदम १,२३८ कोटींना विकली गेली.

विक्री झाली की बिल्डर मोकळा होतो, इमारत मोकळी होत नाही. ४३२ पार्कच्या रहिवाशांच्या मंडळाने २०२१ साली विकासकांवर १२.५ कोटी डॉलरचा दावा लावला. गळती, बंद पडणाऱ्या लिफ्ट, वाऱ्यात होणारे आवाज असे दीड हजारांहून जास्त दोष असल्याचं त्यांचं म्हणणं होतं, विकासकांनी ते फेटाळलं. दावा कोणाच्याही बाजूने लागो, दुरुस्तीचा हिशेब साधा आहे. काचेची बाहेरची भिंत, पंप, लिफ्टचे दोर, डोलणं शोषणारी यंत्रणा यांचा खर्च घरांच्या संख्येने भागायचा, आणि अशा टॉवरमध्ये घरंच शंभर-सव्वाशे. त्यांतले बरेच मालक वर्षातून काही आठवडे येतात. वरळीच्या खाऱ्या हवेत आज उभ्या असलेल्या टॉवरांच्या सोसायट्यांना हा भागाकार पंधरा-वीस वर्षांनी करावा लागेल, तेव्हा लिफ्ट बदलायच्या असतील, काच बदलायची असेल आणि फ्लोअर राइज कधीच कोणीतरी घेऊन गेलेलं असेल.