सायफन तुटणार असं धरूनच ओव्हरफ्लो बॉक्स निवडा

फिश टँकखाली सम्प (पाणी गाळून परत वर पाठवणारी दुसरी टाकी) बसवायचा तर वरचं पाणी खाली आणायला वाट हवी. काचेला भोक पाडून बल्कहेड (काचेतून पाइप आरपार नेणारा, न गळणारा जोड) बसवणं हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. टँक रिकामा असेल आणि काच साधी फ्लोट असेल, तर डायमंड होल-सॉ वापरून तेच करावं. काच टफन्ड (उष्णतेने कडक केलेली) असेल तर मात्र भोक पाडायचा प्रयत्नच करू नका, अख्ख्या काचेचा चुरा होतो. ओळखायला सोपी युक्ती आहे: काचेमागे लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन धरा आणि पोलराइज्ड गॉगल डोळ्यांवर ठेवून तो थोडा फिरवत पाहा. टफन्ड काचेत गडद पट्टे किंवा ठिपके दिसतात. काच टफन्ड निघाली, किंवा टँक माशांसकट भरलेला आहे आणि हलवता येत नाही, तर काठावर अडकवायचा ओव्हरफ्लो बॉक्स उरतो.

या बॉक्सचे दोन भाग असतात. दातेरी कडेचा छोटा डबा टँकच्या आत, दुसरा काचेबाहेर, आणि दोघांना जोडणारी उलटी यू-ट्यूब. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन भिंतींची लेव्हल काढतो, तेच तत्त्व इथे काम करतं. पंप चालू असताना आतल्या डब्यात पाणी थोडं वर राहतं आणि त्या फरकामुळे ते बाहेरच्या डब्याकडे जातं. लाईट गेली की टँकचं पाणी दातांच्या तळापर्यंत उतरून थांबतं. मग दोन्ही डब्यांतली पातळी बाहेरच्या डब्यातल्या उभ्या निचरा पाइपाच्या तोंडाशी येऊन स्थिरावते. यू-ट्यूबची दोन्ही टोकं या पातळीखाली बुडालेली असतील तर सायफन, म्हणजे नळीतला पाण्याचा अखंड प्रवाहमार्ग, भरलेला राहतो आणि लाईट आल्यावर प्रवाह आपोआप सुरू होतो.

म्हणून विकत घेताना पट्टी घेऊन मोजा. निचरा पाइपाचं तोंड यू-ट्यूबच्या टोकांपेक्षा किमान 3-4 सेंमी वर हवं. तो पाइप डब्यात जिथे बसतो तो सांधाही तपासा, कारण तिथून थेंबथेंब गळती असेल तर पाच मिनिटांच्या चाचणीत काहीच कळत नाही. रात्रभर लाईट गेली की बाहेरचा डबा हळूहळू रिकामा होतो, नळीत हवा शिरते आणि पहाटे पंप सुरू झाल्यावर पाणी फरशीवर येतं. यू-ट्यूबला तडा गेलेला असेल तर तो गळत नाही. नळीच्या माथ्यावर दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे तडा हवा आत ओढतो. बाहेरून सगळं कोरडं दिसतं, म्हणून हा दोष बऱ्याचदा उशिरा लक्षात येतो.

आता आकार. सर्वांत जास्त चुका इथेच होतात, कारण मोठा बॉक्स म्हणजे जास्त सुरक्षित असं वाटतं. वेव्हमेकर (पाणी हलवत ठेवणारा पंप) आणि स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र) यांच्यामुळे पाण्यात बारीक बुडबुडे असतातच. ते नळीच्या माथ्यावर साचू द्यायचे नसतील तर प्रवाहाने त्यांना पलीकडे खाली ओढून नेलं पाहिजे. काही मिलिमीटरचा बुडबुडा स्थिर पाण्यात सेकंदाला साधारण 20 ते 25 सेंमी वेगाने वर चढतो. पाण्याचा वेग त्याच्या दुप्पट तरी असावा. 90 × 45 × 45 सेंमीचा टँक घ्या, म्हणजे सुमारे 180 लिटर. त्याच्या सम्पमधून ताशी 900 लिटर पाणी फिरवलं तर आतून 25 मिमी व्यासाच्या एका नळीत वेग सेकंदाला 50 सेंमीच्या आसपास येतो. उत्तम. त्याच टँकला दोन नळ्यांचा मोठा बॉक्स लावला की प्रवाह विभागतो, प्रत्येक नळीत वेग 25 सेंमी उरतो आणि हवा साचू लागते. दुसरी नळी पहिली तुंबल्यावर उपयोगी पडते हे खरं, पण पंप दोन्ही नळ्या भरभरून वाहवण्याइतका मोठा असेल तरच ती घ्यावी.

बहुतेक बॉक्सची क्षमता अमेरिकन गॅलनमध्ये लिहिलेली असते: 300 गॅलन म्हणजे ताशी सुमारे 1,135 लिटर, 800 म्हणजे सुमारे 3,030. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, सव्वा-दीड मीटर वर चढवताना तो बराच घटतो. त्यामुळे खरा प्रवाह बादलीने मोजा. सम्पमधलं पाणी वर आणणाऱ्या रिटर्न नळीखाली 10 लिटरची बादली 40 सेकंदांत भरली तर ताशी 900 लिटर. बॉक्सची क्षमता त्याच्या दीडपट असली की पुरे.

काही बॉक्समध्ये यू-ट्यूबऐवजी बंद घुमट असतो आणि त्यातली हवा एक छोटा पंप सतत ओढून घेतो. तो चालू असेपर्यंत व्यवस्था छान चालते, पण त्याचा पडदा फाटला किंवा बारीक नळीत मीठ साचलं की घुमट हवेने भरत जातो. टँक अनेक दिवस कुणी न बघता राहणार असेल तर आमची पसंती साध्या यू-ट्यूबला.

तरीही कोणताही सायफन कधीतरी तुटेल. एखादी गोगलगाय नळीत अडकते. म्हणून सम्पमधला हिशेब आधी करायचा. आपल्या टँकमध्ये 1 सेंमी पाणी म्हणजे सुमारे 4 लिटर. पाण्यापासून काठापर्यंत 3 सेंमी जागा असेल तर तिथे 12 लिटर मावतात. रिटर्न पंपाच्या कप्प्यात पंपाच्या तोंडावर याहून कमी पाणी हवं: कप्पा 30 × 30 सेंमीचा असेल तर 10 सेंमी, म्हणजे 9 लिटर. मग सायफन तुटला तरी पंप तेवढंच वर टाकून कोरडा पडेल आणि फरशी वाचेल. फक्त ऑटो टॉप-अप (उडून गेलेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) बसवला असेल तर त्याला वेळेची मर्यादा घाला, नाहीतर कप्पा रिकामा दिसताच तो गोडं पाणी ओतत राहील. हा कप्पा कोरडा पडू शकतो, म्हणून हीटर दुसऱ्या कप्प्यात ठेवा. उलट बाजूही बघा: रिटर्न नळीचं तोंड पाण्याखाली 5 सेंमी असेल तर लाईट गेल्यावर 20 लिटर पाणी उलटं खाली येतं. सम्पमध्ये तेवढी मोकळी जागा ठेवा, किंवा तोंड पृष्ठभागाजवळ आणा.

बसवताना बॉक्स स्पिरिट लेव्हलने सरळ करा, दोन्ही डबे पाण्याने भरा, यू-ट्यूब लावा. एअरलाइनची बारीक नळी तिच्या वाकणापर्यंत सरकवून हवा शोषून घ्या आणि नळी चिमटीत धरून ओढून काढा. माथ्याला एकही बुडबुडा दिसता कामा नये. निचऱ्याच्या लवचीक पाइपाला मध्ये कुठे झोळ पडू देऊ नका, त्यात हवा अडकून पाणी गचके देत उतरतं. सम्पमध्ये त्याचं टोक पाण्याखाली दोन सेंमीच असू द्या.

मग पंप बंद-चालू करून पाहा, पाच-सहा वेळा. शेवटी रात्रभर बंद ठेवा (मासे असतील तर टँकमध्ये एअर स्टोन सोडून) आणि सकाळी समोर उभं राहून सुरू करा. सम्पवर बंद आणि चालू अशा दोन्ही पातळ्यांच्या खुणा मार्करने करून ठेवा. पारदर्शक नळीवर उजेड पडला की आत शेवाळ धरतं आणि वाट अरुंद होते, म्हणून दर महिन्याला बाटलीच्या ब्रशने ती घासून पुन्हा भरा. आतल्या डब्याच्या दातांवर जाळी लावली असेल तर ती मात्र दर दोन-तीन दिवसांनी धुवावी लागते.