मुलांमधील भरवण्याच्या व गिळण्याच्या अडचणी : तपासणी व उपचार

दूध ओढणे, घास चावणे किंवा गिळणे मुलाला जड जात असेल, तर त्याचे कारण शोधून उपाय करणारी वैद्यकीय उपशाखा. घरी अशा मुलाला बहुधा ‘खायचे नखरे’ असलेले ठरवले जाते आणि त्यातच महिने निघून जातात. चोखणे, गिळणे व श्वास यांचा मेळ गर्भावस्थेच्या साधारण ३४ व्या आठवड्यापासून बसू लागतो. त्यामुळे त्याआधी जन्मलेली बाळे दूध पिताना दमतात. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नसणे), दुभंगलेली टाळू, हृदयविकार, जठरातील आम्ल वर येणे ही इतर कारणे.

तपासणीचा गाभा म्हणजे मुलाला नेहमीच्या माणसाकडून जेवताना पाहणे. घास गालात साठून राहतो का, घोटानंतर आवाज ओलसर, घरघरता होतो का, नाकपुड्या फुगतात का, डोळ्यांत पाणी येते का, हे स्पीच थेरपिस्ट (बोलण्याबरोबरच गिळण्याच्या अडचणीही हाताळणारा तज्ज्ञ) टिपतो. पण डोळ्यांना सगळे दिसत नाही. काही मुलांच्या श्वासनलिकेत दूध उतरते आणि साधा ठसकाही लागत नाही. वारंवार होणारा न्यूमोनिया हीच काय ती खूण. अशा वेळी बेरियम (क्ष-किरणांत दिसणारा पदार्थ) मिसळलेला घास देऊन क्ष-किरणांखाली त्याचा प्रवास पाहतात. नाकातून बारीक दुर्बीण घालूनही घसा पाहता येतो. त्यात किरणोत्सर्ग नाही, मात्र नेमक्या गिळण्याच्या क्षणी दृश्य झाकले जाते.

उपचार बरेचदा साधे असतात : बाळाला कुशीवर धरून पाजणे, बाटलीला कमी प्रवाहाचे निपल, मध्ये मध्ये थांबणे. पातळ पेय दाट करण्याचा उपाय मात्र जपून करावा. झँथन गम या डिंकासारख्या पदार्थावर आधारित दाटकाने (पेय दाट करणाऱ्या पदार्थाने) अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आतड्यांना गंभीर इजा होण्याचा धोका असल्याचा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये दिला होता. दाटपणा मोजण्यासाठी ० ते ७ अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे. पेयाची या श्रेणीतील पातळी १० मिलि.च्या सिरिंजमधून १० सेकंदांनंतर किती उरते त्यावरून ठरते.

तोंडाने पुरेसे पोषण होत नसेल तर नाकातून किंवा थेट जठरात नळी बसवतात. पालकांना हा पराभव वाटतो. प्रत्यक्षात पोट भरण्याचा ताण उतरल्यावर काही मुले घासाकडे पुन्हा हात नेऊ लागतात. जबरदस्तीने भरवलेली मुले चमचा दिसताच मान फिरवतात.