लो बॉनेट की हाय बॉनेट? जुनी जीप घ्यायच्या आधी टेप आणि आरसी हातात घ्या

जुनी जीप दिसली की आपल्याकडे लोक लगेच बोलतात, "विलीज बघ, लो बॉनेट!" आणि बरेचदा ती लो बॉनेट नसते, विलीजही नसते. आता ठाणे नवी मुंबईत जुन्या ४x४ चं (चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांचं) वेड वाढलंय त्यामुळे विकणारेही हेच दोन शब्द सोयीने फिरवतात, म्हणून जरा नीट लिहितो.

लो बॉनेट म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली विलीज या अमेरिकन कंपनीची एमबी, त्याच ड्रॉइंगवर फोर्डने बनवलेली जीपीडब्ल्यू, आणि युद्धानंतर साध्या गिऱ्हाइकांसाठी आलेल्या सीजे-२ए आणि सीजे-३ए. हाय बॉनेट म्हणजे सीजे-३बी, अमेरिकेत १९५३ ला आली. महिंद्राची जीप असेंब्ली सुरू झाली ती आपल्या मुंबईतच, माझगावला, १९४० च्या दशकाच्या शेवटी, आणि पुढे सीजे-३बी त्यांनी इतकी वर्षं काढली की सरकारी ऑफिसच्या दारात उभी असलेली जीप म्हणून आपल्या डोक्यात जी आहे ती बहुतेक हीच.

बॉनेट उंच का झालं, तर इंजिनमुळे, स्टाईलबिईल काही नाही. लो बॉनेटमध्ये एल-१३४, म्हणजे साइड व्हॉल्व्ह, इनटेक आणि एग्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, वर नुसतं सपाट हेड, ६० हॉर्सपॉवर. सीजे-३बी मध्ये एफ-१३४ आलं, २.२ लिटरचंच, बोअर स्ट्रोकही तेच, फक्त इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये नेले त्यामुळे पॉवर ७५ च्या आसपास गेली, पण इंजिनची उंची वाढली आणि जुन्या बॉनेटखाली ते मावेना. मग बॉनेट आणि ग्रिल वर उचललं आणि समोरची काच आखूड केली. म्हणून लांबून ओळखायचं तर काच बघा, सीजे-३बी ची काच बुटकी दिसते आणि बॉनेट मडगार्डच्या खूप वर असतं. एमबी आणि सीजे-२ए ला काचेचे दोन भाग असतात, सीजे-३ए ला एकच अखंड काच. एमबी ला ग्रिलमध्ये ९ फटी, सीजे-२ए ला ७. जीपीडब्ल्यू असेल तर बोल्टच्या डोक्यावर बारीक एफ कोरलेला सापडतो, तेवढ्यासाठी लोक गाडीखाली तासभर झोपतात (मी पण).

पण हे सगळं ओरिजिनल गाडीचं झालं. बाजारात जे फिरतं त्यात मोठा हिस्सा असा असतो की खाली महिंद्राची चॅसी, वर नव्याने ठोकलेली लो बॉनेट बॉडी, हरियाणातल्या डबवालीकडची हीच खासियत. दिसायला एक नंबर, वादच नाही. म्हणून टेप घेऊन जा आणि पुढच्या हबच्या सेंटरपासून मागच्या हबच्या सेंटरपर्यंत मोजा. एमबी असो, सीजे-२ए असो की सीजे-३बी, व्हीलबेस ८० इंच यायला पाहिजे. ९०-९१ इंच आलं तर खालची चॅसी लांब महिंद्राची आहे, मग वर एमबी चा बिल्ला असला तरी काय उपयोग. आणि उलटही आहे बरं का, ८० इंच आलं म्हणजे ओरिजिनल लो बॉनेट असं नाही, कारण सीजे-३बी चंच बॉनेट कापून खाली आणलेल्या गाड्याही आहेत, तिथे बॉनेट उघडा, हेडवर रॉकर कव्हर (वरचे व्हॉल्व्ह झाकणारं पत्र्याचं झाकण) दिसलं तर इंजिन एफ-१३४ आहे, हेड सपाट असेल तर एल-१३४. डिझेल दिसलं तर प्रश्नच मिटला, ओरिजिनल लो बॉनेटला डिझेल इंजिन नव्हतंच.

खरी मेख आरसीत आहे. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी न जुळणारे बदल चालत नाहीत, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. तेव्हा एमएच-०४ असो की एमएच-४३, इंजिन नंबर, चॅसी नंबर आणि फ्युएल हे तीन कागदाशी स्वतः जुळवून बघा, एजंट "होऊन जाईल" म्हणतो त्यावर जाऊ नका. आणि २०२१ च्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमात गाडी ५० वर्षांहून जुनी तर हवीच, शिवाय चॅसी, बॉडी, इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नको. म्हणजे हौसेने बॉनेट कापलं की तो रस्ता बंद. तसंही व्हिंटेज नोंदणीवर रोज ऑफिसला जाता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, मेंटेनन्स एवढ्यासाठीच गाडी बाहेर काढायची. रोज चालवायची असेल तर आपलं नेहमीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करत राहणंच बरं.

मेंटेनन्समध्ये फरक आहे पण लोक सांगतात तेवढा नाही. टॅपेट सेट करायचे, म्हणजे व्हॉल्व्हची फट बसवायची, तर एल-१३४ ला आठही व्हॉल्व्ह साइडच्या कव्हरमधून, मॅनिफोल्डच्या खाली हात घालून, १६ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), आणि हे काम करणारा मिस्त्री आता शोधावा लागतो. एफ-१३४ ला एग्झॉस्ट तसेच साइडने १६ थाऊ, पण इनटेक वरून, १८ थाऊ. मिस्त्रीला हे आधीच सांगा, नाहीतर तो सगळ्यांना एकच गेज लावून मोकळा होतो. स्पेअर पार्टचं म्हणाल तर सीजे-३बी चं बरंचसं सामान ऑपेरा हाऊसला किंवा कुर्ल्याला अजून मिळून जातं, जे नाही मिळत ते वागळे इस्टेटमधला लेथवाला बनवून देतो. एमबी चे खास पार्ट मात्र बाहेरून मागवा आणि वाट बघा.

बाकी दुखणी दोघींची सारखीच. पुढच्या नकलमधून (पुढचं चाक वळतं तो सांधा) ग्रीस गळून टायरच्या आतल्या बाजूला लागतं, सील बदलल्याशिवाय थांबत नाही. पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर अलगद जुळवणारी रिंग) नाही, त्यामुळे घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला की कर्रर्र. फोर व्हील चिखलात किंवा खडीवरच टाका, पाम बीचच्या कोरड्या डांबरावर नको, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये डिफरेन्शियल नाही आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर (दोन्हीकडे ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) येतो, मग लिव्हर निघता निघत नाही. इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुने रबर पाइप आणि पंपाचा डायफ्राम खराब होतो, ते नवीन टाकून घ्या. आणि ऐरोली वाशीसारख्या खाडीकाठी पार्क करणार असाल तर फ्लोअरखालचे चॅनल आधी ठोकून बघा, जुन्या बॉडीत त्यात लाकडाच्या पट्ट्या असायच्या, त्या पाणी धरून ठेवतात आणि पत्रा आतून सडतो, वरून कितीही मस्त पेंट असू दे.

माझं विचाराल तर पहिली जीप घेणाऱ्याने कागद जुळणारी, न कापलेली पेट्रोल हाय बॉनेट घ्यावी. फोटोत ती जरा उंटासारखी दिसते, मान्य. पण पाऊस थांबल्यावर मुरबाडमार्गे माळशेजला जाऊन परत स्वतःच्या चाकांवर यायचं असेल तर तिचा पार्टही मिळतो आणि तिला हात लावणारा मिस्त्रीही. ओरिजिनल लो बॉनेट दुसरी घ्या, पहिली चालवून हात बसल्यावर, आणि तीसुद्धा गंजलेली चालेल पण नंबर जुळणारीच.