केंब्रिजचा बाजार आणि जीझस ग्रीनवरची बिअर : थोडी पार्श्वभूमी

मे महिन्यात केंब्रिजला बिअर फेस्टिव्हल लागला की आपल्या मंडळींचा शनिवार साधारण ठरलेला असतो. सकाळी मार्केट स्क्वेअरला भाजी-फळं-चीज, मग मिल रोडला जाऊन कढीपत्ता, मिरच्या, पोहे, आणि दुपारी पिशव्या सांभाळत जीझस ग्रीन या मैदानावरच्या तंबूत, तिथेच हा फेस्टिव्हल भरतो. नव्याने आलेल्यांना हे जरा विचित्र वाटतं, किराणा आणि बिअर एकाच फेरीत कसं काय, पण इथे ही दोन कामं मुळात एकत्रच होती, वेगळी केली ती सरकारने, आणि तीही बरीच उशिरा.

आपल्या आठवडी बाजारासारखाच इथला बाजारचा दिवस, लांबून माणसं यायची, माल विकला गेला की घसा ओला करायचाच. १२६६ च्या आसपास इंग्लंडमध्ये ब्रेड आणि एल, म्हणजे तेव्हाची बिनहॉप्सची (हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं) बिअर, यांच्या दर्जावर आणि भावावर एकाच कायद्याने नियंत्रण आलं. म्हणजे बघा, दोन्ही रोजच्या गरजेच्या वस्तू. केंब्रिजमध्ये तर गंमत अशी की १३८१ च्या शेतकरी बंडानंतर ही तपासणी राजाने गावाकडून काढून युनिव्हर्सिटीकडे दिली, गावकऱ्यांच्या डोक्यात ते किती वर्षं गेलं असेल विचारू नका.

शिवाय गावाबाहेर स्टोअरब्रिजची जत्रा होती. १२११ च्या सुमारास किंग जॉनने कुष्ठरोग्यांच्या दवाखान्याच्या खर्चासाठी तिला परवानगी दिली, त्यांचं ते छोटं चर्च न्यूमार्केट रोडवर अजून उभं आहे, बसमधूनसुद्धा दिसतं. पुढे ही युरोपातल्या सगळ्यात मोठ्या जत्रांपैकी एक झाली, न्यूटनने प्रिझम इथूनच घेतला असं सांगतात. आपल्या विषयासाठी महत्त्वाचं म्हणजे हॉप्स. लेखक डॅनिअल डिफोने १७२० च्या दशकात लिहून ठेवलंय की या जत्रेत हॉप्स काय भावाने गेले ते कळल्याशिवाय इंग्लंडभर त्यांचा भाव ठरत नसे. रेल्वे आली, दुकानं वाढली, जत्रा मरगळत गेली आणि १९३३ ला संपली.

आता सरकारचा भाग. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यातले कामगार पिऊन पडतात म्हणून १९१५ पासून पबच्या वेळा कापल्या, दुपारी बंद. युद्ध संपलं तरी ही दुपारची सुट्टी चालूच राहिली, थेट १९८८ पर्यंत! फक्त बऱ्याच गावांत बाजाराच्या दिवशी बाजाराला आलेल्यांसाठी पब दुपारीही उघडे ठेवायची खास सूट असायची, म्हणजे कायद्यालाही हे नातं पूर्ण तोडवलं नाही.

तोवर बिअरचीच वाट लागली होती. साठच्या दशकात सहा मोठ्या कंपन्यांनी छोट्या ब्रुअऱ्या, म्हणजे बिअरचे कारखाने, गिळल्या आणि गाळलेली, पाश्चराइज केलेली, गॅस भरलेली केग बिअर सगळीकडे सुरू केली, टिकायला सोपी, चवीला सगळीकडे सारखीच. १९७१ ला चौघं इंग्लिश मित्र आयर्लंडमध्ये केरीला सुट्टीवर असताना वैतागून म्हणाले की याविरुद्ध चळवळ काढू, त्यातून कॅमरा, म्हणजे जुन्या पद्धतीची अस्सल एल टिकवणारी संघटना, निघाली. केंब्रिजचा फेस्टिव्हल १९७४ चा, कॅमराच्या अगदी सुरुवातीच्यांपैकी, आणि तो भरला कुठे तर कॉर्न एक्स्चेंजमध्ये, म्हणजे धान्याच्या सौद्यांसाठी बांधलेल्या हॉलमध्ये, बाजारापासून दोन मिनिटांवर. मला तर यापेक्षा योग्य जागा सुचत नाही.

आज तंबूत एवढ्या नावांची बिअर दिसते त्यामागे २००२ ची करसवलत आहे, छोट्या ब्रुअरीला ड्युटी निम्म्यापर्यंत कमी झाली आणि गॅरेजएवढ्या जागेतही लोकांनी धंदा सुरू केला. हे सगळं वाढणारे मात्र स्वयंसेवक, पगार नाही. पिंपं आधीच आणून आडवी लावून ठेवतात, कारण आत यीस्ट जिवंत असतं, ते खाली बसायला वेळ द्यावा लागतो, आणि बिअर साधारण ११ ते १३ डिग्रीला देतात, म्हणून आपला पाहुणा पहिल्या घोटालाच 'गरम आहे' म्हणतो.

तिथे आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, अशी पाटी दिसली की कोणीतरी हमखास सांगणार की ही बिअर मुद्दाम भारतासाठी शोधून काढली. तेवढं खरं नाही. लंडनच्या बो भागातला हॉजसन नावाचा बिअरवाला ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरच्या लोकांना लांबलचक उधारी द्यायचा, म्हणून त्याची बिअर मुंबई-कलकत्त्याला पोचली, आणि जास्त हॉप्सवाली बिअर टिकते हे त्याच्या आधीपासून माहीत होतं.

आणि व्हेजवाल्यांसाठी एक. पिंपातलं यीस्ट लवकर खाली बसावं म्हणून आयसिंग्लास घालतात, ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनतं, पालघरकडे घोळ माशाच्या ज्या बोताला सोन्याचा भाव येतो तसलाच प्रकार. हल्ली बऱ्याच ब्रुअऱ्या ते घालत नाहीत, मग बिअर जरा गढूळ दिसते. काउंटरवर सरळ विचारा, त्यांना असले प्रश्न आवडतात.