चोक मागवताना किलोवॉट नको, मायक्रोहेन्री सांगा

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत मोठ्या मोटरीच्या ड्राइव्हआधी (मोटरीचा वेग बदलणाऱ्या उपकरणाआधी) बसणाऱ्या लाइन रिअ‍ॅक्टरला सगळे 'चोक'च म्हणतात. चोक म्हणजे लोखंडी गाभ्यावरचं तारेचं वेटोळं; करंटचा अचानक बदल रोखण्याची त्याची ताकद, म्हणजे इंडक्टन्स, मायक्रोहेन्रीत मोजतात. मागणीही तशीच जाते: '१३२ किलोवॉटचा चोक द्या'. गडबड इथूनच सुरू होते.

ड्राइव्हमधला रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) आतले कपॅसिटर भरायला करंट सलग घेत नाही, दर अर्ध्या आवर्तनात दोन उंच झटक्यांत ओढतो. त्यातून २५० आणि ३५० हर्ट्झचे हार्मोनिक, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतले नको असलेले करंट, लाइनवर येतात. चोक हे झटके पसरट करतो. तो नसेल तर करंटची विकृती ८० टक्क्यांपुढेही जाते, ३ टक्क्यांच्या चोकने साधारण ४० वर येते.

हे ३ टक्के कशाचे? समजा ड्राइव्हचा इनपुट करंट २५० अँपिअर आहे. ४१५ व्होल्टच्या लाइनवर फेजचे व्होल्टेज सुमारे २४०, त्याचे ३ टक्के ७.२ व्होल्ट. त्याला २५० ने भागा: ०.०२८८ ओहम. पुन्हा ३१४ ने (२π × ५० हर्ट्झ) भागा: सुमारे ९२ मायक्रोहेन्री. हा आकडा आणि अँपिअर, दोन्ही ऑर्डरवर लिहा.

'जरा मोठाच घेऊ' म्हणून ५०० अँपिअरचा ३ टक्क्यांचा चोक आणला, तर त्यात ४६ मायक्रोहेन्रीच असतात. २५० अँपिअरला तो दीड टक्क्याचाच ठरतो. पैसे जास्त गेले, काम निम्मं झालं. उलट लहान घेतला तर झटक्याच्या शिखरावर गाभा सॅच्युरेट होतो (आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही), आणि जिथे इंडक्टन्स हवा तिथेच तो नाहीसा होतो. म्हणून पुरवठादाराला विचारा की दीडपट करंटलाही मायक्रोहेन्री टिकतात का, आणि वाइंडिंगचं तापमान हार्मोनिक धरून काढलंय का.

ट्रान्सफॉर्मरही हिशेबात घ्या; त्याचा स्वतःचा इम्पीडन्स (करंटला होणारा अडथळा) चोकसारखंच काम करतो. ५ टक्के इम्पीडन्सचा १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर या २५० अँपिअरच्या, म्हणजे १८० केव्हीएच्या ड्राइव्हला जेमतेम ०.९ टक्का देतो. त्यामुळे लहान ड्राइव्हवर मोठा ट्रान्सफॉर्मर असेल तर चोक हवाच. ड्राइव्हमध्ये आतच डीसी चोक (रेक्टिफायरनंतर बसवलेला) असेल तर आधी मॅन्युअल बघा. लाइनचं व्होल्टेज मुळातच कमी असेल तर वरून आणखी ५ टक्क्यांचा चोक लावल्यावर डीसी बसचं (आतल्या कपॅसिटरवरचं) व्होल्टेज खाली येतं आणि भर लोडवर ड्राइव्ह अंडरव्होल्टेजने ट्रिप होतो.

पॅनेलमध्ये बसवताना एक चूक हमखास दिसते: आर, वाय, बी या तीन फेजच्या सिंगल-कोर केबली लोखंडी ग्लँड प्लेटच्या (केबल आत येण्याच्या पत्र्याच्या) तीन वेगळ्या भोकांतून ओढलेल्या. भोवतीचं लोखंड एडी करंटने (लोखंडातच फिरणाऱ्या करंटने) तापतं, केबलचं इन्सुलेशन करपतं. तिन्ही एकाच खिडकीतून काढा, नाहीतर प्लेट ॲल्युमिनियमची घ्या. गाभ्याच्या एअर गॅपजवळ लोखंडी पट्टी ठेवली तर तीही तशीच तापते.

पूर्ण लोडवर करंट मोजायला ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटरच (करंटचा आकार कसाही असो, खरी किंमत दाखवणारा) वापरा. साधा मीटर या टोकदार करंटला कमी आकडा दाखवतो, आणि 'चोकला अजून वाव आहे' असा गैरसमज होतो.